हेन्डरसनचं रेटिंग आणि कलम सात

२ नोव्हेंबर, रविवार
इथल्या मराठी मंडळाच्या क्रिकेट कमिटीवर माझी निवड झाली. एकमताने. (दुसऱ्या कुणी हात वर केला नाही, हे लिहून ठेवायची गरज नाही.)

गेल्या वर्षी आमच्या उपनगराच्या टीमला, हेन्डरसनला, प्लेऑफमधून उडवलं ते मी विसरलेलो नाही. आठ टीम्स, ग्राउंड मिळत नाहीत म्हणून प्रत्येकीच्या पाचच मॅचेस, आणि त्यावरून चार टीम्स प्लेऑफ खेळायला हॅमिल्टनला. कुठल्या चार? तर श्रीनाथला 'ओव्हरऑल बघता' बऱ्या वाटतील त्या! श्रीनाथ म्हणजे आल्बनीचा कॅप्टन, शिवाय कमिटी मेंबर, शिवाय एक नंबरचा आगाऊ माणूस.

यंदा मी हॅमिल्टनला खेळणार. कॅप्टन म्हणून. लिहून ठेवतो.

सकाळी अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघितलं. खेळ काडीचा कळला नाही, पण निवड कळली. तिथे शंभरावर कॉलेजं, सगळी सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून कमिटी बघते, तुम्ही जिंकलात ते कोणाशी आणि हरलात ते कोणाशी. शास्त्र आहे हे. इराला समजावून सांगायला गेलो, तर ती इंग्लिशमध्ये म्हणाली की बाबा, तुमची टीम नुसती वाईट नसेल कशावरून? चौदा वर्षांची आहे. सोडून दिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
माझ्या पेनरोजच्या ऑफिसात लंचमध्ये टीम्सच्या रेटिंगची सहा कलमी शीट तयार केली. (लंच अकरा ते तीन चालला.) कमिटीने मान्यही केली. वाचली कोणीच नाही.
उद्यापासून रोज सकाळी पळायला जायचं.

६ नोव्हेंबर
वारा फार होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पहिली मॅच, आल्बनीशी. हरलो. मी ओपनिंगला, दुसऱ्या बॉलला रनआउट. समोरचा क्षितिज धावलाच नाही. त्याचं म्हणणं, मी कॉल दिलाच नाही. मी नजरेने दिला होता! कॅप्टनची नजर ओळखता येऊ नये? हल्लीची पोरं.
श्रीनाथ येऊन म्हणाला, हार्ड लक, मेट. मेट म्हणे! डोंबिवलीचा आहे तो.
मात्र शीटप्रमाणे तगड्या टीमशी हरणं हा 'क्वालिटी लॉस' धरतात. त्यामुळे आपण हरूनही जिंकल्यासारखेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार
इराचं स्विमिंग होतं, तिचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घरी राहिले, ते घेऊन परत धावलो. मॅच हुकली. टीम जिंकली. नशीब त्यांचं.

३० नोव्हेंबर, रविवार
आयुष्यातला काळा दिवस.
आल्बनी जितकी तगडी, तितका आमचा पराभव क्वालिटीचा. म्हणजे आल्बनी जिंकायलाच हवी. म्हणून त्यांची मॅच बघायला गेलो आणि श्रीनाथच्या सिक्सरला उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी! बायकोने, नीताने, नेमका तेव्हाच फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. श्रीनाथने त्याला हार्ट दिला. घरी येऊन तिच्याशी भांडलो. ती म्हणाली, किती वर्षांनी तुला कुणाचं तरी कौतुक करताना पाहिलं, म्हणून काढला.

६ डिसेंबर, शनिवार
सगळ्यात भिकार टीमशी हरलो. मी एक ओव्हर टाकली, तेवीस गेले. फील्डिंग बेकार.

१३ डिसेंबर, शनिवार
कंबर धरली. पळायला गेलो असतो तर धरली नसती, असं नीता म्हणते. पळायला गेलो असतो तर आधीच धरली असती, असं मी म्हणतो. टीम जिंकली. फोनवरून फील्ड लावायचा प्रयत्न केला, पण क्षितिजने फोन गाडीत ठेवला होता म्हणे.

१७ जानेवारी, शनिवार
कंबर अजून तशीच. शेवटचीही मॅच जिंकली. पाचात तीन! याला म्हणतात टीम बांधणं.

२४ जानेवारी, शनिवार
आनंदाची बातमी. म्हणजे वाईट बातमी. श्रीनाथ बार्बेक्यूच्या वेळी ओल्या लाकडी डेकवरून जॅन्डल्ससकट, म्हणजे सपातांसकट, घसरला. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर.
मी लगेच कमिटीला दोन नवी कलमं पाठवली. दोन्ही अमेरिकेत आहेतच. कलम सात: प्रमुख खेळाडू अनुपलब्ध असेल, तर टीमचं रेटिंग त्याला वगळून करावं. कलम आठ: स्वतःच्या टीमची चर्चा चालू असताना मेंबरने खोलीबाहेर जावं. आता श्रीनाथ बाहेर लंगडत बसेल आणि आत मी आल्बनीची सालटी काढेन.
अध्यक्ष आशालताताईंनी दहा मिनिटांत दोन्ही मंजूर केली. वर लिहिलं, क्षितिजच्या ईमेलमुळे मी अशाच काहीतरी कलमाच्या शोधात होते. कसला ईमेल, देव जाणे.

१ फेब्रुवारी, रविवार
निवड. हेन्डरसनचा हॉल. श्रीनाथ कुबड्या घेऊन बाहेर गेला, मी वीस मिनिटं बोललो. आल्बनी पहिल्या नंबरवरून तिसऱ्यावर! अजून ढकलली असती, पण आशालताताईंनी घड्याळ दाखवलं.
मग मला बाहेर जावं लागलं. किचनमध्ये उभा राहिलो. आतून हसण्याचे आवाज. श्रीनाथचा सगळ्यात मोठा. दोन कप चहा झाला, बिस्किटांचा पुडा संपला.
आत बोलावलं. हेन्डरसन चौथी! आत! सेमीफायनलच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर गाठ आल्बनीशीच! डोळ्यांत पाणी आलं. श्रीनाथनेही हात मिळवला. मेट म्हणाला. आज चालेल.

२ फेब्रुवारी, सोमवार
मीटिंगची मिनिट्स आली.
'हेन्डरसन: कप्तान चंद्रहास खेळले त्या दोन्ही मॅचेस हार. नसताना तिन्ही जीत. त्यांना धरून मानांकन सातवं, वगळून चौथं. कंबरदुखीमुळे कलम सातनुसार कप्तान अनुपलब्ध धरले आहेत. सूचक: श्रीनाथ. अनुमोदन: सर्व.'
क्षितिजने त्या ईमेलमधून माझीच शीट भरून पाठवली होती. मी त्याला फोन केला. कंबर ठणठणीत आहे म्हणून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, दादा, तसं कळवलं तर आपण सातवे.
फोन ठेवला. कोणालाही काहीही कळवलं नाही.
थोड्या वेळाने त्याचा मेसेज. हॅमिल्टनला येशीलच ना, तुझी सेव्हन-सीटर लागेल.

१४ फेब्रुवारी, शनिवार. हॅमिल्टन
गाडी चालवली. किटबॅगा उतरवल्या. स्कोअरबुक माझ्याकडे दिलं, कारण आकडेमोड मला चांगली येते असं सगळ्यांचं मत पडलं. टेबलाशी दुसरी खुर्ची श्रीनाथची, प्लास्टरचा पाय तिसरीवर.
आल्बनी बेचाळीस रन्सनी हरली. श्रीनाथशिवाय त्यांना काही सुचतच नव्हतं. आमची पोरं मात्र काय खेळली! मोकळी, हसत, एकमेकांना कॉल देत.
श्रीनाथने स्कोअरबुकात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, काहीही म्हण, कलम सात अगदी करेक्ट आहे. दोघांच्याही बाबतीत.
मी स्कोअरबुकवर सही केली.