मागच्या दाराचा ठिपका

माय, मी कॉलेज सोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू शिव्या घालून मोकळी होशील आणि पुढचं ऐकशील. दुसऱ्या वर्षाला होतो. हजेरी कमी भरली म्हणून सरांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि विचारलं, "घरात कुणी वळण लावलं नाही का?" बाकी काहीही बोलले असते तरी मी गिळलं असतं. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होतो. वळण लावायचं राहिलं असेल तर त्याला कोण काय करणार, हे त्या माणसाला काय माहीत. मी शिवी हासडून बाक ढकलून दिला, तो पुढच्याच्या पाठीत लागला, आणि मी जो निघालो तो परत गेलोच नाही. तू खानावळीत पोळ्या लाटायचीस तेव्हा एकदा मी मालकाच्या पोराला शिवी देऊन वर त्याचं ताटही भिरकावलं होतं. तू कणकेच्या हातानं माझ्या गालावर दिलीस आणि म्हणालीस, "तोंड चालव नायतर हात चालव. दोन्ही एकदम चालवू नको." ती कणीक वाळून गाल दिवसभर ओढल्यासारखा झाला होता. त्या दिवशी वर्गात मी हात आणि तोंड दोन्ही चालवले, माय.

आता मी घरांना पत्ते देत हिंडतो. हसू नको. सरकारनं ठरवलंय की देशातल्या प्रत्येक दाराला आपला एक कोड असला पाहिजे, म्हणजे अॅम्ब्युलन्स असो की गॅसवाला, कुणालाही 'पिंपळाच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीला विचारा' असं सांगावं लागणार नाही. काम ठेकेदाराकडं आहे, आणि ठेकेदाराकडं मी आहे. घराच्या मुख्य दारासमोर उभं राहायचं, मोबाइलच्या नकाशावर ठिपका स्थिर होईपर्यंत थांबायचं, घरमालकाच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून टाकायचा, आणि कोडाची पाटी चौकटीला ठोकायची. ऐकायला सोपं आहे. जुन्या शहरातल्या बोळांत आभाळच हातभर दिसतं, तिथं ठिपका कधी शेजारच्याच्या गच्चीवर उडी मारतो तर कधी नाल्यात. त्यात माणसं पाटी लावू देत नाहीत. मागं कुणी तरी भिंतींवर लाल खुणा करून गेलं आणि मागोमाग जेसीबी आला, ते अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. "नंबर कशाला रे? पाडायचंय का?" एका म्हातारीनं विचारलं. म्हटलं, "नाय आजी, तुम्हाला पत्ता द्यायचाय." तर म्हणते, "आमचा पत्ता आमच्यापाशी हाय की. सापडंना तर तुलाच झालाय!" सगळी गल्ली हसली. आपली चिकलठाण्याची वस्ती तर अजून यादीतच नाही. साऱ्या देशाला पत्ता देणारा पोरगा स्वतः पाण्याच्या टाकीमागं राहतो.

आणि एक पोरगी आहे. तुला हे कळलंच असतं, माझं तोंड बघूनच. कॉलेजात माझ्या वर्गात होती. गुलमंडीत वडिलांचं कापडाचं दुकान, दुकानाच्या वर घर. दुकानाशेजारून घरात जायच्या पायऱ्या आहेत, पण त्या रस्त्यावरून आणि दुकानाच्या गल्ल्यासमोरून. माझ्यासारख्यानं तिथून चढायचं कसं? म्हणून मला ते घर फक्त मागून माहीत. मागं बोळ आहे, मोरी आहे, तिची स्कूटी तिथं लागते. कॉलेज सुटल्यापासून मी संध्याकाळी त्या दारापाशी थांबायचो, ती स्कूटी आत घ्यायला यायची आणि आम्ही चाक आणि उंबरा यांच्यामध्ये उभं राहून बोलायचो. रोज तेच. "परत कधी येतोस कॉलेजला?" "नाय येणार." "डोक्यात दगड भरलेत तुझ्या." "असू दे, जड आहेत म्हणून उडून तरी जात नाय." ती हसायची आणि मला दिवस पुरायचा.

आमच्या कामात गुलमंडी आली तेव्हा मी दुसऱ्या पोराशी भांडून ती गल्ली मागून घेतली. दुपार होती, तिची आई लग्नाला गेलेली, वडील पुढं दुकानात. नियमानं मी दुकानात जाऊन विचारायला हवं होतं की मुख्य दार कोणतं. पण विचारायचं काय? मला घर माहीत होतं. मी मागच्या दारासमोर उभा राहिलो, ठिपका नेमका उंबऱ्यावर येऊन थांबला, मी तिलाच फोन करून तिच्या नंबरवरचा ओटीपी घेतला आणि स्क्रू पिळले. देवाशपथ, खोडी म्हणून नाही केलं. ते दार मागचं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट परत येताना मला वाटत होतं, आजवर मी आयुष्यात एवढं बिनचूक काम केलं नव्हतं.

महिनाही झाला नाही तोच तिचे वडील, म्हणजे काका, ती पाटी उचकटून हातात घेऊन आमच्या ऑफिसात उभे. "हिरो, इकडं ये," सुपरवायझरनं मला हाक मारली, "ही कलाकारी तुझी ना?" झालं असं की तिला बघायला जालन्याहून पाहुणे येणार होते आणि वडिलांनी मोठ्या कौतुकानं त्यांना नवा कोड पाठवला होता. फोननं गाडी सरळ बोळात नेऊन घातली. ती पुढं जाईना, मागं येईना. मुलाची आत्या पैठणी वर धरून मोरीच्या पाण्यातून चालत आली. "अरे, समोर दहा माणसं चढतील एवढ्या पायऱ्या आहेत," काका म्हणाले, "अन् तुम्ही माझं घर नेऊन मोरीत ठेवलं? पाहुण्यांनी पहिलं काय बघितलं तर माझी वाळत टाकलेली बनियन!" ऑफिस हसत होतं. 'बघायला' हा शब्द ऐकला तेव्हापासून मला पुढचं काही ऐकू येत नव्हतं. मग ते थोडे निवळले, मला म्हणाले, "कुठला रे तू, पोरा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सोयगावकडचा." तू मला दिवाळीच्या कापडाला गुलमंडीत आणलं होतंस, तिथल्या दुकानदारानं विचारल्यावर तूही हेच सांगितलं होतंस. चिकलठाण्यात एवढी वर्षं काढली पण कुणी विचारलं की मूळ गाव, सोयगाव. तेव्हा मला तुझी लाज वाटली होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. आधी हसली, मग म्हणाली, "त्यांचा होकार आलाय. मोरीतून आले तरी." मी म्हटलं, "आणि तुझा?" म्हणजे म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "मग कर ना, चांगलं घर आहे, गाडी आहे." ती म्हणाली, "मला घरात कुणी विचारलं नाय. तू तरी विचारशील असं वाटलं होतं." मी फोन कापला. का कापला ते मला विचारू नको.

दुसऱ्या दिवशी ठिपका दुरुस्त करायला मी पहिल्यांदा समोरच्या पायऱ्यांवर गेलो. काकांनी चहा मागवला. ती खाली आली आणि मला म्हणाली, "पाणी घेणार का तुम्ही?" तुम्ही! बोळातलं 'तू' कुठं गेलं, माय? वडिलांसमोर दुसरं काय म्हणणार हे मलाही कळत होतं, तरी मला ते चावलं. ओटीपी तिच्याच नंबरवर जाणार होता. ठिपका पायऱ्यांवर स्थिर झाल्यावर मी बटण दाबलं, तिच्या मुठीत फोन थरथरला, मला दिसला. ती म्हणाली, "इथं नाय आला. मागं रेंज असते." काका म्हणाले, "जा रे, तिकडंच टाकून घे, म्हणजे एकदाचं मिटलं." त्यांनीच मला मागच्या दारात धाडलं.

ती स्कूटीला टेकून उभी होती. म्हटलं, "आला?" "केव्हाच." "मग सांग." "आधी तू विचार," ती म्हणाली. काय विचारायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या फोनवर सेकंद उलटे पळत होते. मी म्हटलं, "वेळ संपतोय, नंबर सांग." तिनं माझ्याकडं बघितलं. मग एकेक आकडा सुटा सुटा सांगितला, जसा एखाद्या परक्याला सांगतात. मी टाकला. हिरवी खूण आली. "झालं?" "झालं." ती आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

परवा काका ऑफिसात पेढे घेऊन आले होते. सुपारी फुटली. "आता पाहुणे बरोबर समोरून येतील," म्हणाले आणि पहिला पेढा मला दिला. मी खाल्ला, गोड होता. हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे. आपल्या घरात कुणाच्या हाती लागलं तर हसतील. पण तुला खोटं सांगून कसं चालेल? वेळ संपत नव्हता, माय. सेकंद संपले की खाली 'पुन्हा पाठवा' असं येतं. लोकांसाठी मी ते दिवसातून कितीदा दाबतो.