बंबाचं पाणी थेट नळाला

२३ नोव्हेंबर, रविवार
आईचे गुडघे गेलेत. तरी रोज पहाटे अंगणातल्या बंबातून कढत पाण्याची बादली भरून न्हाणीपर्यंत नेते. काल पाय घसरला. थोडक्यात वाचली. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि माझ्याच घरात हे. निर्णय : बंब पाइपलाइनला जोडायचा. नळ सोडला की गरम पाणी.

३० नोव्हेंबर, रविवार
जोडणी झाली. बंब न्हाणीच्या भिंतीलगत आणला. प्लंबर आसाराम केजहून आला होता. गरम पाणी उलटं टाकीत जाऊ नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह बसवला, ही माझी कल्पना. बंबाचं झाकण पक्कं बंद करून त्यातून एक उघडी नळी गच्चीवर काढली. आसाराम जाताना बजावून गेला, सर, काय बी करा पण ती नळी बुजवू नका, बंबाला दम टाकायला जागा लागती. मी त्याला वाफेचं प्रसरण समजावून सांगितलं. तो म्हणाला, मंग तेच म्हनलो की.

४ डिसेंबर, गुरुवार
नळीतून गच्चीवर गरम पाणी सांडतं. तांब्या-दोन तांबे. आम्ही टँकरच्या पाण्यावर जगणारी माणसं, बघवेना. नळीला कॉक बसवला. धोका माहीत आहे, म्हणून नियम केला : कॉक कायम अर्धा उघडा. बंबाजवळ सहा सूचनांचा कागद चिकटवला.

९ डिसेंबर, मंगळवार
आई म्हणाली, सोमा, बंब आतून ठोकतोय, कुणी कोंडल्यावानी. तिला समजावलं, धातू तापला की आवाज करतो. मग गच्चीवर गेलो. कॉक पूर्ण बंद. मीच केला असणार, अर्ध्यातूनही गळत होता. हा हलगर्जीपणा का? प्रामाणिक उत्तर : थोडासा. परळीहून सेफ्टी व्हॉल्व्ह आणायचा. चार दिवसांचा तर प्रश्न, तोवर राहू दे बंद.

१३ डिसेंबर, शनिवार
आईने नळ सोडला, पाण्याआधी फस्सकन वाफ आली. मनगटावर फोड. धनश्री चिडली. अहो, काढा ते लफडं, आमची बादलीच बरी, म्हणाली. बायकोला समजावलं की कोणतीही यंत्रणा स्थिरावायला पंधरा दिवस लागतात. सातवी सूचना लिहिली : नळ हळू सोडावा.

१८ डिसेंबर, गुरुवार
पाच दिवसांत एकही तक्रार नाही. पाणी कसं येतं, आईला विचारलं. लई झकास, बाबा. बंबाचा धूर रोज दिसतो. मी बारा महिने थंड पाण्याने आंघोळ करतो, तेव्हा दोघींच्या शब्दावर विसंबणं आलं. परळी पुढे ढकलली, पेपर तपासायचेत. ही सबब नाही ना? नाही.
झाकण मधोमध जरा फुगल्यासारखं वाटतं. तांबं जुनं आहे.

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
बंब फुटला. न्हाणीची भिंत आत कोसळली. सगळीकडे वाफ. आईला हाका मारतोय. ओ नाही. ही तिची आंघोळीची वेळ.

त्याच दिवशी, संध्याकाळी
आई शेजारी छबुबाईकडे होती. ओल्या केसांनी पळत आली, मागून धनश्री. गेले नऊ दिवस दोघी तिकडेच आंघोळ करतात. मग बंब कशाला पेटवत होतात, मी विचारलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, धनश्री म्हणाली. रोज कापसाच्या पऱ्हाट्या घालायच्या, धूर करायचा आणि शेजारी जायचं. आतलं पाणी कुणी काढतच नव्हतं. नुसतं उकळत होतं. माझं मन राखायला.

बऱ्याच वेळाने आईजवळ बसलो. भीती वाटत होती तर सांगितलं का नाहीस, विचारलं.
ती म्हणाली, सांगितलं की बाबा. तू समजावीत बसलास.