बाथरूममधली दोन कपाटं

रविवार, ८ मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? त्यांना सारखं जिना चढू-उतरू देऊ नकोस. फोन तू उचलत नाहीस, त्यात तुझी काही चूक नाही, म्हणून पत्र लिहितेय. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड.

बातमी अशी की, बाथरूममधली कपाटं लावून झाली. बेसिनच्या वरचं आरशाचं आणि खालचं, दोन्ही. मी लावली. हसू नकोस. त्याला जाऊन सात महिने झाले आणि सात महिने ती खोकी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. येणारा-जाणारा त्यांना ठेचकाळायचा आणि मग माझ्याकडे बघून ती पुन्हा भिंतीला नीट टेकवून ठेवायचा. सुताराला बोलावलं असतं, पण तो विचारणार, कधी आणली, इतके दिवस का ठेवली. मला कुणाला काही सांगायचं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून ड्रिल मागून आणलं. तो दोनदा म्हणाला, "काकू, मी येऊ का?" मी म्हटलं, "तू मशीन दे, अक्कल माझ्याकडे आहे." कसली डोंबलाची अक्कल! पहिलंच भोक पाडताना ड्रिल टाइलवरून सटकलं आणि हा एवढा ओरखडा उठला. मग मुकाट्याने खाली जाऊन त्यालाच विचारून आले. टाइलवर आधी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावरून भोक पाडायचं, म्हणजे सटकत नाही. वरचं कपाट एकटीला पेलेना. बेसिनवर फळी टाकली, तिच्यावर पिठाचे डबे रचले, त्यांवर कपाट टेकवलं आणि स्क्रू पिळले. चार दिवस लागले. तळहाताला फोड आलेत. तू असतीस तर ओरडली असतीस, "आई, उतरा खाली, हाडं मोडून घ्याल!"

आता मुद्द्याचं लिहिते. इथवर येऊन तीन पानं फाडून झाली आहेत.

त्या संध्याकाळी तो कपाटं जोडायला बसला आणि बिजागऱ्यांची पुडी सापडेना. खोकी उपडी केली, तरी नाही. तू म्हणालीस, "राहू दे रे, उद्या बघू." मीच म्हटलं, "उद्या कशाला? दुकानवाल्याने घातलीच नसेल. आत्ताच्या आत्ता जा आणि घेऊन ये. हा पसारा मला डोळ्यांसमोर नको." तो चप्पल घालून निघाला. चौकापर्यंतच पोचला. तो ट्रक कुठून आला, कसा आला, ते मी लिहीत नाही.

त्याला कोणी पाठवलं हे तुला माहीत होतं. तरी सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, "हिच्या कपाटांपायी माझा मुलगा गेला," तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. बॅग भरलीस आणि गेलीस.

तुला माहीत नाही ते आता ऐक. त्या दुपारी तुम्ही दोघं कामावर होतात, तेव्हा मी खोकी उघडून आवराआवर करायला घेतली होती. कुणी सांगितलं होतं? पण सुटं काही दिसलं की मला राहवत नाही, आणि ते मी कुठे टाकते हे तू जाणतेस: बटणांच्या डब्यात. पुडी मीच तिथे टाकली आणि साफ विसरले. तो गेल्यावर नवव्या दिवशी त्याचे शर्ट घडी घालत होते. एक बटण तुटून हातात आलं. ते ठेवायला डबा उघडला, तर पुडी अगदी वरच.

आणि दुसऱ्याच दिवशी मी तुला ते बोलले. सगळे म्हणाले, बिचारी दुःखाच्या भरात बोलून गेली. तसं नव्हतं. मला सगळं कळून चुकलं होतं, ते सोसवेना, म्हणून तुझ्यावर ढकललं.

त्याला जायची गरजच नव्हती गं. पुडी घरात होती.

काल मी धाकट्या भावजींना, नणंदेला, त्या दिवशी जे जे हजर होते त्या सगळ्यांना फोन करून हे सांगितलं. नणंद रडायला लागली. म्हणाली, "वहिनी, आता कशाला उकरून काढतेस?" मी फोन ठेवला. तुझ्या आईला मात्र तूच सांग. त्यांच्यापुढे माझी जीभ रेटत नाही.

माफी मागत नाही. परत ये असंही कोणत्या तोंडाने म्हणू? किल्ली तुझ्याकडे आहे, ती असू दे.

दोन कपाटांची चार दारं, त्यांना आठ बिजागऱ्या लागतात. पुडीत मोजून आठ होत्या. सगळ्या बसल्या. दारं नीट लागतात.

त्याला घराबाहेर पाठवणारी आणि तुझ्यावर आळ घेणारी,

त्याची आई