द्रौपदाबाईला रविवारी चर्चला कोणी न्यावे

मी, याकोब झुलाल साळवे, वय ७२, शिक्षण चौथी (तिसरी दोनदा), बैलगाडीचे जू करणारा सुतार, राहणार धुळे, डोके ठिकाणावर असताना, निदान आज सकाळपर्यंत तरी, हे लिहून ठेवतो. मला कोणी धाक घातलेला नाही. घाबरतो तो माझा मीच.

१. दोन खोल्यांचे घर पत्नी द्रौपदाबाईचे. तिला दिसत नाही, म्हणून खाट जागची हलवू नये. तिच्या पश्चात घर मुलगा शमुवेल याचे.

२. शमुवेल, नरडाण्याच्या कारखान्यात सगळे सोबती परधर्मी, कोणाशी किती जवळीक करू, असे तू विचारलेस. मी चर्चमध्ये तीस वर्षे सांगत आलो, की अविश्वासी माणसाबरोबर एका जुवाला जुंपून घेऊ नका. सांगताना खिशात भटूचे खोबरे असायचे. माझ्याबरोबर गाड्या बांधणारा भटू धनसिंग पाटील नव्या गाडीपुढे नारळ फोडी. त्याचा प्रसाद मी नाकारला, तेव्हापासून तो दोन नारळ आणू लागला. दुसरा माझ्या हातात देऊन म्हणे, “नाना, हाऊ देवना नही शे, तुना शे. बिनघोर खाय.” तरी मी उदबत्तीचा वास येतो का, हे हुंगूनच खाल्ला.

लग्न विश्वासातच कर. हे मी बदलत नाही. मैत्रीत मात्र एवढे बघ, की तो तुला प्रभूपासून दूर ओढतो का तुझ्या प्रभूचा मान ठेवतो. ओढणाऱ्याला लांबून नमस्कार कर. मान ठेवणारा भेटला, तर माझ्यासारखा हुंगत बसू नकोस.

३. माझा सागवानी रंधा, जवळचा माणूस म्हणून, भटूला. हे कलम खोडले आहे. साक्षीला चर्चचे जीवराम बोलावले होते. ते म्हणाले, “परधर्मीयाला जवळचा म्हणता? मी सही करणार नाही. नाना, शिकवण तुमचीच!” माझेच जू माझ्या मानेवर, आणि बनावट पक्की. मग भटूच साक्षीला बसला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मी रडकुंडीला आलो. भटू म्हणाला, “रंधा माले काय करना शे? वहिनीना हात कोन धरी, ते लिख.”

४. तेच लिहितो. शमुवेलला रविवारी कारखान्यात पाळी असते. म्हणून माझ्यामागे दर रविवारी द्रौपदाबाईला भटूने चर्चला न्यावे. त्याला आत बसायची सक्ती नाही. बसलाच, तर जीवरामांनी बाकावर सरकावे.

रंधा शमुवेलने घ्यावा. पाते गंजू देऊ नये.

धुळे, १२ जानेवारी १९९१
सही : याकोब झुलाल साळवे (हात कापतो, पण माझाच आहे)

साक्षीदार :
१. तानुबाई, शेजारीण (अंगठा)
२. भटू धनसिंग पाटील (सही). यांना यातून काही मिळत नाही.