यादीतून खोडलेलं नाव

फर्न क्रीक, ओरेगॉन
१२ ऑक्टोबर १९०५

आल्डन,

तुझ्यापुढे डोकं आपटून घ्यावं असं झालंय. सात वर्षं सरकारी वकील म्हणून तू नाव कमावलंस, लाकूड कंपनीच्या साहेबांना कोर्टात घाम फोडलास. कंपनीच्या सांगण्यावरून ज्यांनी ‘या सरकारी जंगलात आमचं घर आहे’ अशी खोटी शपथ घेतली, त्या गरिबांनाही तू सोडलं नाहीस. मग मलाच का सोडलंस? शेजारच्या हुल्डानं ज्या टेबलावर त्या खोट्या शपथेवर सही केली, त्याच टेबलावर मीही केली होती. ती सहा महिने तुरुंगात काढून आली. माझं नाव मात्र तू आरोपींच्या यादीतून खोडलंस. तुझ्याच कारकुनाच्या तोंडून कळलं मला.

काल चर्चबाहेर हुल्डानं माझा हात धरला. म्हणाली, "ऑर्फा, तुझा भाऊ कडक आहे गं, पण माणूस सरळ. त्यानं कुणालाच झुकतं माप दिलं नाही, म्हणून माझा त्याच्यावर राग नाही."

आईमागे तुला वाढवलं ते यासाठी? कुणी सांगितलं होतं तुला हे उपकार करायला?

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, नाहीतर मला अडवायला धावत येशील. उद्या तुझ्या कोर्टात येऊन न्यायाधीशांपुढे मी सगळं सांगणार आहे. तुझी नोकरी जाईल, मला तुरुंग होईल. होऊ दे. फक्त तिथं मला ‘ताई’ म्हणू नकोस. हुल्डाला विचारलेस, तेच प्रश्न मला विचार.

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
ऑर्फा