नवसाचा

४ मार्च, मंगळवार

सकाळच्या मिस्सेत, ऐन प्रार्थनेत, पुन्हा डुलकी! शेजारच्या जाड्यानं कोपर मारलं — "ए नवसाच्या, ऊठ!" डोळे उघडले तर खिडकीतलं ऊन फरशीवर सांडलेलं, धुपाचा धूर त्यातून सावकाश वर चाललेला. क्षणभर कळेना, आपण कुठं आहोत. छान वाटलं.

नंतर फादर रेक्टरांनी आमचा वर्ग बोलावला. ईस्टर झाला की एकेकाला विचारणार — सेमिनरीत पुढं राहून फादर होणार, की घरी जाणार? माझ्याकडे बघून हसले. "तुला काय विचारायचं! तू तर देवाला दिलेला."

सगळे हसले. मीही.

६ मार्च

सगळ्यांना देवाची हाक ऐकू आलीय. जाड्याला म्हणे सायकल पंक्चर झाली तेव्हा! मला आजवर फक्त आत्याचीच हाक ऐकू आली. तीन वर्षांचा होतो, तापानं फणफणलो होतो. आई टेकडीवरच्या मरियामातेला म्हणाली, पोर वाचलं तर तुझंच. आत्या हे इतक्यांदा सांगते, की मला तो ताप आठवतोसुद्धा.

दिलेल्या वस्तूला कुणी विचारतं का, तुला जायचंय का म्हणून?

२० मार्च, गुरुवार

गुरुवार म्हणजे दवाखान्यातली सेवा. खिडकीपाशी एक आजोबा आहेत, जन्मभर बस चालवलेले. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. "ते मागनं हो, ब्रदर. आधी ही नखं काढा."

काढली. जाड, राठ बोटं. करंगळीपर्यंत येईतो आजोबा झोपले. हात माझ्या हातातच. बाहेरच्या झाडाची पांढरी फुलं एकेक गळत होती, आवाज न करता. किती वेळ बसलो कोण जाणे! इतकं निवांत कधीच वाटलं नव्हतं.

पण तिथं बसलेला मी होतो, की आईचा नवस?

५ एप्रिल

टेकडीची पायी यात्रा. आईही आली. धुकं इतकं, की पुढच्यांची जपमाळ ऐकू येई, माणसं दिसत नसत. झोपेत चालल्यासारखं. चढावर आईनं माझ्या शर्टाचं टोक धरलं — लहानपणी मी तिचं धरायचो तसं.

वर मेणबत्ती लावताना म्हटलं, "इथंच दिलंस ना मला?"

"कोण म्हणतं?"

"आत्या—"

"आत्या! ती खाली बाकावर बसली होती, गुडघे धरून. तिला काय कप्पाळ माहीत!" मग हळूच म्हणाली, "मी कशी देईन रे तुला? जगू दे म्हटलं, एवढंच. बाकीचं तिनं लावलं मागून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसत निघालास. मला वाटलं, तुलाच जायचंय." मेण तिच्या बोटावर ओघळलं. हात हलला नाही. "जायचं नव्हतं का रे?"

मी तिच्या बोटावरचं मेण नखानं हळूच काढलं.

६ एप्रिल

मी कुणी दिलेला नाही. हलकं वाटतं. भीतीही वाटते.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. जाड्या म्हणाला, बाजारात चल. निघालो — आणि पाय वळले दवाखान्याकडे!

"आज तुमचा वार नाही ना, ब्रदर? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. म्हटलं, नखं वाढली असतील."

आजोबांनी बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. गुरुवारीच तर काढली होती. "हो की, वाढलीत बुवा," म्हणाले, आणि हात पुढं केला.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेची मिस्सा. एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी... अंधारात चेहरे उमलत गेले. शेवटच्या बाकावर आईचा.

आज डुलकी नाही!

२२ एप्रिल

फादर रेक्टर म्हणाले, "तू कशाला आलास? तुझं तर ठरलेलंच आहे."

"तरी विचारा ना, फादर. मला कधी कुणी विचारलंच नाही."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. विचारलं.

हो म्हणालो.