खांद्यावरचे पट्टे

३ डिसें.
विमान उडवायचं लायसन्स हातात आलं. शिकताना फ्लाइंग क्लबात पांढरा शर्ट सक्तीचा होता, आता कपडे मर्जीचे. शेजारी पहिली बसेल ती आई. सुनंदाला विचारलं तर म्हणाली, "आधी सासूबाईंना न्या. त्यांनी जीवदानीला नवस बोललाय. मी नंतर."

७ डिसें.
एकटा उडालो. चौकडीचा सुती शर्ट, सुती पँट, जुने कॅनव्हासचे बूट. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या, पण सांगतात ते पटतं. नायलॉन नको, आग लागली तर कातडीला चिकटतं. बुटाचा तळ पातळ हवा, पेडल पायाला कळलं पाहिजे. शाळेत अनवाणी गेलेल्या पायांना हे सांगावं लागत नाही.
चढण्याआधी पंखाला हात लावून कपाळाला लावला. मॅडम आता हसत नाहीत.

८ डिसें.
सुनंदाने कालचा फोटो आईला दाखवला. घोटाळा.
"यो कोन? आपल्या गोडाऊनवरचा डायवर?"
"मीच आहे, आई."
"मग खांद्यावर पट्टे कुठं? पट्ट्यांशिवाय मी नाय बसनार."
कामणला आमच्या भाताच्या खाचरांवर गोदामं झाली, त्यांच्या भाड्यावर हा छंद. तिने आयुष्यभर ट्रकवाले पाहिले, विमानवाला फक्त टीव्हीत. पट्टे म्हणजे तिचा धीर.

१४ डिसें.
क्लबातले एक डॉक्टर महिन्यातून एकदा उडतात, पण चार पट्टे, टोपी, काळा चष्मा. कँटीनवाला विचारतो, "कॅप्टन, दुबईचं विमान लागलं का?" तेही हसतात. दुसरा एक जण बर्म्युडात येतो. कुणी कुणाला अडवत नाही.
येताना पट्टे विकत घेतले.

१५ डिसें.
संध्याकाळी दिवा लावला. पट्टे शर्टाला लावले, काढले, पुन्हा लावले.
नोकरीवर विमान चालवणाऱ्यांची ती खूण. डॉक्टर घालतात ती गंमत. आई मात्र त्या पट्ट्यांवर जीव सोपवणार. गंमत कशी म्हणू?
काढून ठेवले.

२० डिसें.
आईला सरळ सांगितलं. मी कॅप्टन नाही, हौशी. छोटं विमान, एक इंजिन.
"हौशी म्हंजे शिकाऊ?"
"नाही. परीक्षा पास आहे. पगार नाही."
"मग पट्टे पगाराला मिलतात?"
आई येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

२२ डिसें.
फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ऊन येतं तेवढ्यात आईने स्वतःच पेटीतलं सुती लुगडं काढून वाळत घातलं. सुनंदा हळूच मला म्हणाली, "पदराला पिना मारीन. मध्येच कशात अडकायला नको."

२७ डिसें.
क्लबावर. धुकं आहे, थांबलोय, म्हणून इथेच लिहितो.
पांढरा शर्ट, खांदे मोकळे. आईने पाहिले. मी खिशातून पट्टे काढून तिच्या हातात दिले. म्हटलं, "घेतले होते. लावायला मन होईना."
तिने उलटसुलट करून पाहिले. पदराच्या टोकात गाठ मारून बांधले, जसे बाजाराचे पैसे बांधायची.
"आदी मना नीट उतरव. मग मी लावीन."
सुनंदाने त्या गाठीलाही पिन मारली. दोघी बाकावर बसून विमानाकडे बघतायत. आईचे ओठ हलतात, जप चालू असावा. माझाही.
धावपट्टीचं अलीकडचं टोक दिसू लागलंय. पलीकडचं नाही. मॅडम म्हणतात, अजून थोडं थांबा.